बर्फात कुठनं आली उष्णता? : 'सुप्त उष्णता', 'अप्रकट उष्मा' आणि रोजची क्रियापदं

पाटाचं पाणी, सांगली

पलूस तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. केंद्रावर आईस बँक बसवली आहे. रात्री टाकीतल्या नळ्यांभोवती बर्फ धरतो आणि सकाळ-संध्याकाळ दूध आलं की तोच बर्फ दूध गार करायच्या कामी येतो. मूळ मजकुरात कारण एका ओळीत उरकलंय. मी लिहिलं, 'बर्फाच्या सुप्त उष्णतेमुळे दूध ४ अंशांपर्यंत थंड होते.' केंद्र चालवणाऱ्या दादांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बर्फात कुठनं आली ओ उष्णता? आणि उष्णतेनं दूध गार कसं हुईल?"

तेव्हा जाणकारांनो, पहिलं म्हणजे सुप्त उष्णता, अप्रकट उष्मा, गुप्त उष्णता असे तीन शब्द सापडले, त्यातला कुठला घ्यावा? दुसरं, केंद्रावर सगळे 'बर्फ विरघळतो' म्हणतात, मी 'वितळतो' लिहिलंय, बदलू का? आणि 'थंड' ठेवावं की 'गार'?

निवृत्त मास्तर, कराड

तिन्ही शब्द एकाच घराण्यातले. ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६१ च्या सुमारास दाखवून दिलं की वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिलं तरी शेवटचा खडा संपेपर्यंत तापमापक शून्यावरून हलत नाही. मग दिलेली उष्णता गेली कुठं? तापमापकाला दिसत नाही, म्हणजे दडली. त्यांनी 'दडलेली' या अर्थाचं लॅटिन विशेषण लावलं. आपल्याकडे त्याचं कुणी सुप्त केलं, कुणी अप्रकट. गुप्त ऊष्मा हिंदीतला. आमच्या पिढीनं वर्गात सुप्त उष्णताच शिकवली आणि वाईच्या विश्वकोशातही तोच शब्द आहे. हल्लीच्या दहावीच्या पुस्तकात अप्रकट उष्मा आहे. वाचणारा पंचविशीचा असेल तर दुसरा ओळखीचा वाटेल, पन्नाशीचा असेल तर पहिला.

पण दादांची अडचण विशेषणाची नाहीच, षष्ठीची आहे. 'बर्फाची उष्णता' म्हटलं की ती बर्फाच्या मालकीची झाली. शास्त्रात ती *वितळण्याची* सुप्त उष्णता असते, म्हणजे त्या क्रियेला लागणारी. शून्य अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. त्या बर्फाकडे नसतात, म्हणून तर तो दुधाकडून घेतो. तेवढ्या उष्णतेत १ ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांवर गेलं असतं, यावरून ओढ केवढी ते कळेल. 'चा-ची-चे' जपून वापरा, पारिभाषिक शब्दांत निम्मा घोळ तिथंच होतो.

कौमुदी, सातारा

मास्तरांशी सहमत. फक्त 'उष्मा' नको. आपल्याकडे उष्मा म्हणजे मे महिन्यातला जीव नकोसा करणारा उकाडा. 'काय उष्मा वाढलाय' म्हणतो ना आपण? तसल्यात 'अप्रकट उष्मा' म्हणजे पंखा लावल्यावर लपून बसलेला उकाडा वाटतो.

चहाबाज

उकाडा अप्रकट? सांगलीत या एकदा मे महिन्यात. 🙂

कौमुदी, सातारा

हसू नका, त्यात शब्दार्थाचा मुद्दा आहे. आपण 'ऊन भाजतंय' म्हणतो आणि 'उकडतंय' म्हणतो, पण दोन्ही एका दिवशी सहसा नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ऊन भाजतं. वळवाच्या आधी हवा दमट होते, पारा कदाचित दोन अंश खालीही असतो, तरी उकडतं. भाजणं कोरडं, उकडणं ओलं, अगदी स्वयंपाकघरातल्यासारखं. कोरड्या हवेत घाम अंगावरून उडून जातो आणि जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातो. दमट हवेत घाम नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामानं अंग भिजतं, निवत नाही. ज्यांनी कुणी हे क्रियापद हवेला लावलं त्यांना बाष्पीभवन शिकवायची गरज नव्हती.

माणगंगा, आटपाडी

माठाचं तेच. आमच्याकडं उन्हाळ्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील असं गार होतं. माझी बहीण कोकणात दिली आहे, ती म्हणते तिथं माठ ठेवून उपयोग नाही. माठ पाझरतो दोन्हीकडं. आमच्याकडं पाझरलेलं वाळतं, तिच्याकडं ते तिवईखाली साचतं.

हिशोब कुणी करून सांगेल का? किती पाणी वाळल्यावर माठ गार होतो?

निवृत्त मास्तर, कराड

१० लिटरचा माठ धरू. पाणी ३५ वरून २५ अंशांवर आणायचं तर १ लाख कॅलरी बाहेर काढायला हव्यात. या तापमानाला १ ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी नेतं (उकळत्या पाण्याची असते ती ५४०, गार पाण्याची थोडी जास्तच). म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास, एक फुलपात्रभर. प्रत्यक्षात जास्त जातं, कारण बाहेरची उष्णता माठात शिरत राहते.

आणि खालची हद्दही ठरलेली असते. ४० अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २२-२३ अंशांच्या आसपास थांबतो. त्याच्याखाली माठ जाऊ शकत नाही, कितीही वेळ ठेवा. ३० अंश आणि ८५ टक्के अशा पावसाळी हवेत तोच तापमापक २८ च्या जवळपास. म्हणजे मिळून मिळून दोन अंशांचा फरक. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजली की तेवढाही नाही.

लादीवाला, मिरज

विषय मूळ बर्फाचा आहे म्हणून लिहितो. माझं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात गेलं.

आम्ही सुप्तही म्हणत नाही आणि अप्रकटही. आमचा शब्द 'धरणं'. लादी धरली का? अजून नाही धरली. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी असते, त्या पाण्याला ब्राइन म्हणतात, ते शून्याच्या खाली दहाएक अंश ठेवतात. मीठ असल्यानं ते पाणी गोठत नाही. त्यात साध्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे कॅन सोडायचे. नवीन पोरगा पहिल्या दिवशी तापमापक घालून बघतो आणि खूश होतो, 'शून्यावर आलं की साहेब!' येणारच. शून्यापर्यंत पाणी पटकन येतं. आणि मग तिथंच अडून बसतं. खरी वीज तिथनं पुढं जळते. कडेनं बर्फ धरत आत सरकतो, मधला गाभा सगळ्यात शेवटी धरतो आणि पाण्यातली हवा नि क्षार तिथंच कोंडतात, म्हणून लादी मधोमध पांढुरकी दिसते, कडेला काचेसारखी. लादी धरली की नाही हे आम्ही तापमापकावर बघत नव्हतो, त्या गाभ्यावर बघत होतो.

मास्तरांच्या आकड्यावर बघा, ३० अंशांचं पाणी शून्यावर आणायला ग्रॅमला ३० कॅलरी काढायच्या आणि शून्यावरच्या पाण्याचा शून्यावरचा बर्फ करायला ८०. सगळी कमाई त्या न हललेल्या काट्यात.

पाटाचं पाणी, सांगली

लादीवाले काका, 'न हललेला काटा' हे पत्रकात घालू का? विचारूनच घालतो.

लादीवाला, मिरज

घाला की. त्याला काय पैसे पडतात?

माणगंगा, आटपाडी

मला 'सुप्त' न् 'अप्रकट' दोन्ही परके वाटतात. आपल्याकडं 'जिरणं' आहे की. पाणी रानात जिरलं. तूप पुरणात जिरलं. तशी दुधातली उष्णता बर्फात जिरली. दादांना एका दमात कळेल.

चहाबाज

आणि 'बर्फानं दुधाची जिरवली' हेही बसतं.

कौमुदी, सातारा

'जिरणं' सुंदर आहे, पण जिरलेलं परत येतं का? सुप्त उष्णता परत मिळते, हाच तर तिचा गुण आहे. पाणी गोठताना त्या ८० कॅलरी बाहेर टाकतं, वाफेचं पाणी होताना ५४० टाकतं. कुकरच्या वाफेनं हात भाजतो तो उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण वाफ कातडीवर आधी पाणी होते आणि ती सगळी उष्णता तिथंच सोडते, मग ते पाणी वेगळं भाजतं.

माणगंगा, आटपाडी

न येऊन कसं चालेल? आमच्या दुष्काळी भागात रानात जिरलेलं पाणी विहिरीला पाझर होऊन येतं म्हणून तर माणूस टिकलाय इथं. जिरलं म्हणजे संपलं असं फक्त नळाचं पाणी पिणाऱ्यांना वाटतं.

निवृत्त मास्तर, कराड

हे उत्तर मला आवडलं. पारिभाषिक संज्ञा म्हणून 'जिरलेली उष्णता' परीक्षेत चालायची नाही, पण समजावून सांगताना मी तरी आता हेच वापरेन. दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

वितळणं की विरघळणं. शाळेत आम्ही रेघ मारून देतो. साखर विरघळते, बर्फ वितळतो. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, वितळायला उष्णता. बोलीत मात्र लोणी विरघळतं, आईस्क्रीम विरघळतं, मनसुद्धा विरघळतं. ती चूक म्हणून खोडायला मी जाणार नाही. पण पत्रक तांत्रिक आहे, तिथं वितळणं ठेवा. रेघ का हवी याचं उदाहरण पॉटच्या आईस्क्रीमचं. डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ घालतो, तिथं *बर्फ वितळतो आणि मीठ विरघळतं*, दोन्ही एकाच वेळी. मिठामुळं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळं बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता स्वतःच्या मिश्रणातून नि डब्यातल्या दुधातून ओढतो. मीठ भरपूर असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. नुसत्या बर्फानं दूध गार झालं असतं, आईस्क्रीम झालं नसतं. एकच क्रियापद दोन्हीला वापरलं तर मीठ कशाला घातलं हेच सांगता येत नाही.

सुगरण, इस्लामपूर

स्वयंपाकघरातली यादी राहिली सगळ्यांची. तूप आणि खोबरेल *थिजतं*, ते गोठलं म्हणत नाही कुणी. रक्त *साकळतं*. पिठलं *आळतं*. दूध *आटतं*. अत्तर, स्पिरिट, कापूर *उडतो*. कपडे *वाळतात*, जखम *सुकते*. यातल्या किती ठिकाणी पुस्तकात नुसतं 'बाष्पीभवन' लिहून मोकळे होतात!

आणि लोणी कढवणं. लोण्यात पाणी असतं. ते असेपर्यंत पातेलं तडतडतं आणि गॅस मोठा ठेवला तरी काही बिघडत नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, पातेलं शंभराच्या आसपासच राहतं. तडतड थांबली की सावध. आता अडवायला पाणी नाही, तापमान झरझर चढतं आणि बेरी एका मिनिटात बदामीवरून काळी होते. तडतड ऐकून तूप करणाऱ्या बायकांनी तापमापक कधी पाहिला नव्हता.

पाटाचं पाणी, सांगली

गुऱ्हाळावरही हेच ना? काहिलीतला रस तासन्‌तास उकळत असतो, पण करपत नाही.

सुगरण, इस्लामपूर

हो. रस आटतोय तोवर जाळ कितीही घाला. पाक घट्ट होत आला की गुळव्या जाळ मागं ओढायला लावतो, कारण तिथनं पुढं पारा वर जायला लागतो, ११८ अंशांच्या आसपास काहील उतरवायची असते. 'आटणं' हे क्रियापद म्हणूनच मला फार नेमकं वाटतं. नुसती वाफ होणं नाही त्यात, मागं काहीतरी दाट उरणंही आहे.

वाईकर

थोडं अवांतर, पण शब्दाचंच. दर हिवाळ्यात बातमी येते, 'महाबळेश्वरात दवबिंदू गोठले'. वेण्णा तलावाच्या बाजूला गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. शास्त्रात 'दवबिंदू' हे एका *तापमानाचं* नाव आहे, ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं ते. तापमान कसं गोठेल? दव गोठलं म्हणा, हिमकण धरले म्हणा. आमची आजी दवाला 'दहिवर' म्हणायची.

त्यातही 'बर्फ पडला' म्हणणारे भेटतात. पडला नाही, *धरला*. लादीवाले काकांचा शब्द इथं बरोबर बसतो. निरभ्र रात्री टप आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होतात, म्हणून हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही त्यांच्यावर हिमकण दिसू शकतात.

कौमुदी, सातारा

बातमीदारांना 'थेंब' या अर्थानं 'दवबिंदू' वापरू द्या हो. बिंदू म्हणजे थेंबही होतोच. शास्त्रानं नंतर घेतला तो शब्द.

वाईकर

मान्य नाही, पण वाद वाढवत नाही.

माणगंगा, आटपाडी

वळवाचा एक प्रश्न. पाऊस दोन-चार मैलांवर असतो, थेंब पडलेला नसतो, तरी आधी गार वाऱ्याचा लोट येतो. तो गारवा कुठला?

निवृत्त मास्तर, कराड

ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना वाटेतच थोडा वाळतो. हवेतली उष्णता घेतो, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आदळून चौफेर पसरते. तो लोट तुम्हाला पावसाच्या आधी लागतो. तुमचा माठ आणि तो वारा एकाच कारणानं गार. उलट त्याच ढगात वर बाष्पाचे थेंब होताना उष्णता सुटत असते, तिच्याच जोरावर ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो.

पाटाचं पाणी, सांगली

सगळ्यांचे आभार. पत्रकातली ओळ आता अशी केलीय :

'टाकीत रात्री धरलेला बर्फ वितळताना दुधातली उष्णता ओढून घेतो, म्हणून दूध ४ अंशांपर्यंत गार होते. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत टाकीतल्या पाण्याचा काटा शून्याजवळच राहतो. (या उष्णतेला वितळण्याची सुप्त उष्णता म्हणतात.)'

'गार' ठेवलं, कारण 'थंड' म्हटलं की दादांना थंडा प्रतिसाद आठवतो म्हणे. धारोष्ण दूध ३५ अंशांचं धरलं तर १ किलो बर्फाला अडीच-पावणेतीन लिटरचा हिशोब येतो, तोही तक्ता जोडतोय.

एकच ओळ अडली आहे. देखभालीच्या भागात 'दर वर्षी गॅस संपला की भरून घ्यावा' असं कुणीतरी आधीच्या पत्रकात लिहून ठेवलंय. ठेवू?

लादीवाला, मिरज

अजिबात नको! 'गॅस संपला' या दोन शब्दांनी लोकांचे किती पैसे गेले असतील सांगता येत नाही. गॅस संपत नसतो. तो काय जाळायचा असतो का? बंद नळीत तोच फिरत राहतो. टाकीतल्या नळ्यांत त्याचा दाब कमी होतो, तिथं तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता पाण्यातून घेतो, म्हणून बर्फ धरतो. पुढं कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या जाळीत तो परत पातळ होतो आणि घेतलेली उष्णता तिथं सोडतो. फ्रिजमागची जाळी गरम लागते ती हीच. म्हणजे ज्याला आपण गॅस म्हणतो तो निम्मा वेळ पाण्यासारखा पातळ असतो. पुस्तकात त्याला प्रशीतक म्हणतात, तो शब्द बरा आहे, पण मेकॅनिकला सांगून बघा, तो तुमच्याकडंच बघत राहील.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांनाच उकळतो. हॉटेलात मोठ्या जाळावर लावलेला सिलिंडर बघा कधी, बुडाकडं घाम येतो, कधी पांढरा थर धरतो. आतला पातळ गॅस वाफ होताना पत्र्यातली उष्णता ओढतो. काम तेच, फक्त तिथं तो खरोखर जळून संपतो. घरच्या सिलिंडरवरूनच फ्रिजला 'गॅस संपला' चिकटलं असावं असं माझं मत.

कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न बुजवता भरला तर तो पुन्हा जाणार आणि तुम्ही पुन्हा पैसे देणार.

चहाबाज

काका, मग 'दीड टनाचा एसी' पण सांगून टाका. आमच्या शेजाऱ्यांनी भिंत पेलेल का म्हणून गवंड्याला विचारलं होतं.

लादीवाला, मिरज

तो टन आमच्याच धंद्यातला. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी काढणारं यंत्र एक टनाचं. अमेरिकी टन, ९०७ किलोचा. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीबाहेर जाते, तेवढी वीज लागते असं नव्हे. दीड टनाचा एसी म्हणजे दिवसरात्र मिळून दीड टन बर्फ खोलीत वितळवल्यासारखं. गवंड्याला सांगा, भिंत पेलेल.

पाटाचं पाणी, तुमची ओळ अशी करा : 'बर्फ धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर आधी गळती तपासून बुजवून घ्यावी, मगच गॅस भरावा.' आणि त्याच्याखाली जाळीवरची धूळ दर महिन्याला झाडावी, हेही घाला. जाळी तुंबली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि लोक तेव्हाही गॅस संपला म्हणूनच फोन करतात.